हालस्टाइनचे तास

सप्टेंबरच्या दहा तारखेला रिपे या डोंगरी रानकोंबड्यांची शिकार उघडते आणि आमच्या खोऱ्यातले पुरुष खोटे बोलायला लागतात. एरवी ही माणसे तोंड उघडायचेही कष्ट घेत नाहीत. पण त्या दिवसापासून संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन काउंटरला रेलून उभी राहिली की त्यांना आवरणे कठीण. मी त्यांना दोनच प्रश्न विचारते: किती पक्षी, आणि किती तास. प्रश्न माझे नाहीत, डोंगर ज्यांच्या मालकीचा आहे त्यांच्या समितीचे आहेत. शिकारीचे परवाने माझ्या दुकानात मिळतात, म्हणून ही चौकशीही माझ्याच गळ्यात पडली.

पक्ष्यांच्या बाबतीत फारसे खोटे बोलता येत नाही, कारण पक्षी पिशवीतून बाहेर लोंबत असतात. सगळी गंमत तासांत आहे. समितीचा अध्यक्ष कोलब्यॉर्न म्हणतो, नुसत्या पक्ष्यांच्या आकड्याने काही कळत नाही. माणूस किती वेळ रानात होता ते कळले तरच डोंगरावर पक्षी आहेत की नाहीत ते ठरवता येते. म्हणणे बरोबर आहे. पण कमी वेळात पक्षी मारून आणतो तो खरा शिकारी अशी आमच्याकडची समजूत, त्यामुळे जो तो तास चोरतो. शेकोटीपाशी कॉफी पीत बसलेला वेळ धरायचा की नाही, यावरून एका वर्षी दोन सख्खे भाऊ ख्रिसमसपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी कोलब्यॉर्नने नियम केला: बंदूक गवसणीतून बाहेर आली की वेळ सुरू, परत गवसणीत गेली की बंद.

"मग मी कॉफी पिताना गवसणी चढवतो की," त्या दोघांतला धाकटा, आर्ने, म्हणाला.

"चढव. आणि झोप काढतानाही चढवत जा," मी म्हटले, "म्हणजे तुझे पाच तास एकदम दोनावर येतील."

हालस्टाइन ब्रेक्केनला मात्र तास चोरायची गरज कधी पडली नाही. खोऱ्यातले अगदी वरचे, जिथे रस्ता डोंगर चढायला लागतो तिथले घर त्याचे. जन्मभर तो त्या घाटातले बर्फ काढायची गाडी चालवत होता. हिवाळ्यात पहाटे त्या गाडीची घरघर ऐकू आली की आम्ही कूस बदलायचो आणि रस्ता मोकळा होणार म्हणून निश्चिंत व्हायचो. उंच, जरा वाकलेला, कमी बोलणारा. त्याची बायको सिग्ने दुपारी चारच्या ठोक्याला जेवण वाढायची. "बटाटे शिजले की ते कुणासाठी थांबत नाहीत," असे ती मला सांगायची, आणि बटाटे म्हणजे तीच. त्यामुळे हालस्टाइन सकाळी ग्रोहो डोंगरावर जायचा, दोन-तीन पक्षी पाडायचा आणि जेवणाच्या वेळेला घरी हजर. माझ्याकडे येऊन पक्षी दाखवायचा, "तीन तास" म्हणायचा, आणि कॉफीसुद्धा न घेता निघायचा. मागे राहिलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होत.

यातले निम्मे श्रेय त्याच्या कुत्रीचे होते. टिरा ही सेटर जातीची, काळ्या-तांबूस केसांची, त्याने स्वतः शिकवलेली. पक्ष्याचा वास लागला की अशी कुत्री जागच्या जागी थिजते. एक पाय वर, नाक पुढे, शेपूट ताठ. आम्ही त्याला नुसते 'उभी राहिली' म्हणतो. मालक जवळ येऊन पुढे जा म्हणेपर्यंत ती हलत नाही. पण आमचा डोंगर उघडा नाही. अर्ध्या उतारापर्यंत खुरट्या बर्च झाडांची दाटी, माणसाच्या छातीपर्यंत पोचणारी. त्यात कुत्रे दिसत नाही, म्हणून गळ्यात पितळेची बारीक घंटा बांधतात. घंटा वाजते आहे तोवर कुत्री हिंडते आहे. घंटा थांबली की ती उभी आहे. मग पळायचे. शिकार म्हणजे ती थांबलेली घंटा ऐकणे, बंदूक उडवणे त्याच्या नंतरचे.

दोन वर्षांपूर्वी वसंतात सिग्ने गेली. त्या वर्षीच्या शरदात हालस्टाइनचे तास वाढले. तीनाचे सात झाले, मग नऊ. पुढच्या वर्षी तर मी दुकानाला कुलूप घालायला किल्ली हातात घ्यावी आणि तो दारात यावा, असे रोजचेच झाले. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला, चेहरा ओढलेला, आणि पिशवीत एक पक्षी. कधी तोही नाही.

"घर खायला उठत असणार त्याला," आर्ने म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. रिकाम्या घरात चार वाजता बटाटे शिजत नाहीत, तर माणूस चार वाजता परत कशाला येईल? उत्तर इतके सरळ होते की त्यापुढे कुणी डोके चालवले नाही. आमच्या खोऱ्यात एखाद्याची कीव आली की आम्ही त्याच्याकडे बघायचेच सोडून देतो. याला आम्ही माणुसकी म्हणतो.

तक्रार एकट्या कोलब्यॉर्नची होती. त्याचा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा घुमतो, त्यामुळे तो कुजबुजला तरी जाहीर सभा होते. "ग्रोहोची माझी सगळी सरासरी या एका माणसानं धुळीला मिळवली," तो म्हणायचा. "दहा तास आणि एक पक्षी. कागदावर बघितलं तर वाटेल डोंगर ओसाड पडलाय."

हालस्टाइन काउंटरसमोर उभा राहायचा, टोपी काढायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी विचारायची, किती पक्षी? "एक." किती तास? "दहा." आणि टिरा कशी आहे? हे विचारले की त्याचा चेहरा उजळायचा. "या दोन वर्षांत जितकी उभी राहते तितकी जन्मात राहिली नव्हती. सारखी उभीच असते." बाकीचे एकमेकांकडे बघत. सारखी उभी राहणारी कुत्री आणि रिकामी पिशवी यांचा मेळ कुणाला घालता येत नव्हता. त्यापुढे मी काही वेगळे विचारले, चर्चच्या आवारातल्या झाडांचे किंवा त्याच्या गुडघ्याचे, तर तो "हो, हो" म्हणायचा, टोपी चढवायचा आणि जायचा. मला राग यायचा. माणसाने गुडघा दुखतो का विचारावे आणि समोरच्याने हो हो करत ताडताड निघून जावे, याला काय म्हणायचे?

त्याला एकच मुलगी, ओसहिल्ड. ती लांब, समुद्राकाठी स्टावांगरला असते, दवाखान्यात नोकरी करते. रोज साडेपाचला ती बापाच्या घरी फोन लावायची. कुणी उचलायचे नाही. मग माझ्या दुकानातला फोन वाजायचा.

"गुद्रुन, बाबा आला का गं?"

"नाही अजून. डोंगरावरच आहे."

"बरा आहे ना?"

"काल होता."

माझी जीभ तिखट आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. ती हसायची आणि ठेवून द्यायची. पण यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एके संध्याकाळी ती हसली नाही.

"तो मला टाळतोय," ती म्हणाली. "मला आधी वाटलं आईचं दुःख असेल. पण किती दिवस? अंत्यविधीच्या दिवशी मी त्याला विचारलं, बाबा, चार दिवस राहू का तुझ्याजवळ? म्हणाला, 'हो, हो, गाडी सांभाळून चालव.' मी रात्रीच निघाले. ईस्टरला विचारलं, मुलांना घेऊन येऊ का? तर म्हणे, 'हवा चांगली आहे.' फोन उचललाच तरी हो-हो करतो आणि ठेवतो. गुद्रुन, मी काय केलंय त्याचं?"

"काही केलं असतंस तर आधी मला कळलं असतं," मी म्हटले.

"शिकार संपेपर्यंत रोज फोन करीन," ती म्हणाली. "मग बंद. ज्याला आपल्याशी बोलायचंच नाही त्याच्या मागे लागून काय मिळवायचं? मलाही घर आहे, मुलं आहेत." मग तिने विचारले, "तो करतो तरी काय तिथं दिवसभर? एकदा बघून ये ना."

त्या संध्याकाळी हालस्टाइन आला तेव्हा मी काउंटर पुसत पुसत त्याला म्हटले, "उद्या तुझ्याबरोबर डोंगरावर येते. चालेल ना?"

"हो, हो," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनीला दुकानात बसवून मी रबरी बूट घालून सकाळी त्याच्या अंगणात उभी राहिले, तर हा माझ्याकडे भूत बघितल्यासारखा बघतो.

"तू कुठं निघालीस?"

"तुझ्याबरोबर. काल विचारलं की तुला. हो म्हणालास."

"म्हणालो खरा," तो म्हणाला. मग बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला.

मी काही शिकारी नाही, पण शिकाऱ्याची मुलगी आहे. घंटा कशी ऐकायची हे मला अक्षरे यायच्या आधी यायला लागले. आम्ही बर्चच्या दाटीत शिरलो, टिरा पुढे पळाली आणि तिची घंटा किणकिणायला लागली. हवा स्वच्छ होती, पाने पिवळी पडली होती. दहा-पंधरा मिनिटांत डाव्या हाताला, ओढ्याच्या अंगाने, घंटा थांबली. लहानपणच्या सवयीने मी तिकडे पाऊल टाकले. मी हालस्टाइनकडे बघितले. तो उजवीकडे निघाला होता.

मला वाटले, याला काही माहीत असेल. वाऱ्याची दिशा धरून वळसा घालत असेल. जुन्या शिकाऱ्याला शिकवायला मी कोण? मी गप्प त्याच्या मागून चालले. तो लगबगीने गेला, थांबला, मान वाकडी करून कानोसा घेतला, आणि मग तिसऱ्याच दिशेला निघाला. ओढ्याकडून एकदम पंखांचा फडफडाट झाला, आणि रिपेचा नर उडताना जो घोगऱ्या आवाजात खिदळतो तसा खिदळला. तेवढे त्याला लगेच ऐकू आले. तो गर्रकन वळला. पाच-सहा पांढरे पंख डोंगराच्या कडेवरून पलीकडे गेले. आम्ही तिथे पोचलो तेव्हा टिरा अजून उभी होती, रिकाम्या जागेकडे नाक करून. तिचे मागचे पाय थरथरत होते.

"बघ," तो म्हणाला, "कशी उभी राहिलीये." त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मनापासून.

दुपारपर्यंत हेच चालले. घंटा वाजत असली तरी तो धावायचा, थांबली तरी धावायचा. कुत्री कुठे उभी आहे हे शोधत तो झुडपाझुडपांतून हिंडायचा आणि बऱ्याचदा ती त्याच्याच मागून जीभ बाहेर काढून चालत असायची. एकदा ती आमच्या मागे अगदी जवळ उभी राहिली. मी म्हटले, "हालस्टाइन, मागे बघ." तो चालत राहिला. मी पुन्हा म्हटले. मग ओरडले. माझ्या ओरडण्याने पक्षी उडाले, पण हा वळला नाही.

शेकोटी पेटवून आम्ही कॉफी ठेवली. त्याने सपाट पोळीवर तपकिरी चीज कापून मला दिले. मी मुद्दाम तोंड दुसरीकडे केले आणि सांगितले, "हालस्टाइन, तुझ्या बाहीला आग लागलीये."

"हो, हो," तो म्हणाला, "टिकेल हवा बहुतेक."

मी त्याच्याकडे वळले. हसू आले नाही. "तुला ऐकू येत नाही," मी म्हटले.

हे त्याला माझ्या ओठांवरून कळले. तो कॉफीच्या किटलीकडे बघत राहिला. ती उतू गेली तरी त्याने हात लावला नाही, मीच ती बाजूला काढली.

"पुरुषांचं येतं," तो शेवटी म्हणाला. "कोलब्यॉर्नचं तर नको तितकं येतं. आधी घंटा गेली. मग चिमण्या. मग बायकांचे आवाज. जे जे बारीक ते सगळं." त्याने जळती काटकी पायाने आत सारली. "सिग्ने आजारात फार हळू बोलायला लागली होती. मला वाटायचं, दुखण्यानं तिचा आवाज गेलाय. ती गेल्यावर कळलं की तिचा नव्हता गेला."

मी त्याच्या कपात कॉफी ओतली आणि त्याने वर बघितल्यावर विचारले,

"आणि टिरा? सारखी उभी असते म्हणून सांगतोस ते?"

"पहिल्या वर्षी खरंच वाटलं मला तसं. घंटा नाही म्हणजे कुत्री उभी आहे, हे जन्मभर अंगात मुरलेलं. घंटा ऐकू येईना, म्हणून मी पळत सुटलो. म्हटलं, काय कुत्री आहे, क्षणभर थांबत नाही उभी राहायची. आणि मागे वळून बघतो तर ती माझ्याच मागून येतेय." तो हसला. "कळायला हवं होतं. पण कळून घ्यायचं नव्हतं."

"मग माझ्याकडे दुकानात कसा बोलतोस?"

"तिथं बरं असतं," तो म्हणाला. "तू काय विचारणार ते आधीच ठाऊक असतं."

मला त्याचे रोजचे ते टोपी काढून उभे राहणे आठवले. दिवसभरात माणसांशी बोलण्याची ती एकच जागा त्याला उरली होती, कारण तिथले प्रश्न बदलत नव्हते. आणि मी झाडांचे, गुडघ्याचे असले काहीबाही विचारून त्याला तिथूनही पळवून लावत होते. मी त्याच्यावरच खेकसले.

"आणि ओसहिल्ड? तिला का छळतोस? ती रोज फोन करते, मला विचारते, बाबा जिवंत आहे ना."

तिचे नाव त्याने ओठांवर ओळखले. "फोनवर तोंड दिसत नाही," तो म्हणाला. "ती बोलते आणि मला नुसता वारा ऐकू येतो. हो म्हणावं तर कशाला हो म्हटलं ते कळत नाही. नाही म्हणावं तर त्याची आणखी भीती. ती साडेपाचला करते. म्हणून सहाच्या आत घरी जायचंच नाही असं ठरवलंय. म्हणजे खोटं काही नाही, मी रानातच असतो."

"फोन वाजलेला तरी ऐकू येतो का तुला?"

"नाही. पण शेजारी बसलं की आता तो वाजत असेल, हे कळतं. ते बसवत नाही."

म्हणजे ते दहा तास पक्ष्यांसाठी नव्हते, आणि रिकाम्या घरासाठीही नव्हते. साडेपाच वाजून जाईपर्यंत माणसाने कुठेतरी असायला हवे, म्हणून होते.

मी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितले. कानात घालायची यंत्रे मिळतात, आर्नेच्या सासूने घातली आहेत. त्याने मान हलवली. "गावात एकाला कळलं की समितीला कळणार. बहिरा माणूस बंदूक घेऊन रानात फिरतो, समोरच्यानं हाक मारली तर याला कळत नाही. कोलब्यॉर्न परवाना काढून घेईल, आणि त्याचं चुकणारही नाही. मग मी आणि टिरा स्वयंपाकघरात बसून एकमेकांची तोंडं बघू." तो माझ्याकडे रोखून बघत होता. "कुणाला सांगू नकोस. ओसहिल्डला तर नकोच. बाप म्हातारा झाला म्हणून ती धावत येईल, आणि मग तिच्यासमोर बसून काय करू? हो, हो?"

मी शब्द दिला. माझी जीभ तिखट असली तरी सैल नाही.

उतरताना टिरा एकदा उभी राहिली. मी त्याची बाही ओढली आणि बोटाने दाखवले. त्याने एक पक्षी पाडला. परत येताना तो माझ्या पुढे चालत होता, आणि त्याच्याशी बोलता येत नाही म्हणून मी टिराशी बोलत होते.

दुकानात पोचलो तेव्हा अजून उजेड होता. वहिनी निघून गेली होती, आणि कोलब्यॉर्न नि आर्ने स्वतःच कॉफी ओतून घेऊन काउंटरला टेकले होते. दोघांनी आम्हाला एकत्र येताना बघून भुवया उंचावल्या.

"गुद्रुन, तूसुद्धा तास भरायला लागलीस का?" आर्नेने विचारले.

"तुझे राहिलेले भरून काढते," मी म्हटले आणि कोट काढला. तेवढ्यात फोन वाजला.

फोन काउंटरच्या टोकाला भिंतीवर आहे, त्याची दोरी आखूड. मी उचलला. ओसहिल्डच होती. "आला का?" तिने विचारले, आणि हे विचारण्यातही आता नेहमीचा जीव नव्हता. मी हालस्टाइनकडे बघितले. तो माझ्यासमोर तीन पावलांवर टोपी हातात घेऊन उभा होता. न सांगण्याचा शब्द मी दिला होता. फोन हातात न देण्याचा दिला नव्हता.

"आलाय," मी म्हटले. "इथंच आहे. बोल." आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरला.

तो मागे सरकला असता, पण मागे कोलब्यॉर्न होता. त्याने रिसीव्हर घेतला, दोरी पुरेना म्हणून भिंतीकडे तोंड केले आणि कानाला लावला. आता त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. मी मात्र इतकी जवळ होते की ओसहिल्डचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"बाबा? बाबा, ऐक. मी शनिवारी येते. एकटीच येते. तुला नको असेन तर तसं सांग, मी पुन्हा विचारणार नाही. पण एकदा सांग. येऊ?"

ती थांबली. काहीतरी विचारून ती थांबली आहे, एवढे त्याला कळले असावे. भिंतीकडे बघत, काउंटरपाशी रोज बोलायचा त्याच आवाजात तो म्हणाला, "एक पक्षी. नऊ तास."

आर्नेला हसू फुटले. "पोरीलाही तास सांगतोय." कोलब्यॉर्नही हसला. फोनमधून काहीच आवाज आला नाही.

हालस्टाइन माझ्याकडे वळला. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही. त्याने तो बघितला, आणि आपण काहीतरी मोडले हे त्याला समजले.

"काय विचारलं तिनं?" तो म्हणाला. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

मी ओठ नीट हलवत सांगितले, "शनिवारी येऊ का, म्हणाली. तुला नको असेल तर कधीच येणार नाही."

आर्नेचे हसू मध्येच थांबले. हालस्टाइनने कोलब्यॉर्नकडे एकदा बघितले, खांद्यावरची बंदूक उतरवली आणि गवसणीसकट काउंटरवर त्याच्यासमोर ठेवली. मग पुन्हा भिंतीकडे वळला.

"ओसहिल्ड," तो म्हणाला, "मला तुझा आवाज ऐकू येत नाही. तू बोलतेस ते मला कळत नाही. दोन वर्षं झाली, जास्तच झाली. मी रागावलो नाही. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी तू काय विचारलंस ते मला माहीत नाही. काही विचारलं असशील तर त्याचं उत्तर हो आहे." त्याने श्वास घेतला. "शनिवारी ये. मुलांना घेऊन ये. मी घरी असेन."

एवढे एका दमात बोलताना मी त्याला आयुष्यात ऐकले नव्हते. बोलणे संपले तरी त्याने फोन ठेवला नाही. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरून तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी मागे सरकले. आता जे काही होते ते माझ्या ऐकण्याचे नव्हते. कोलब्यॉर्न आपल्या कपात बघत होता. आर्ने उगाच काडेपेट्यांची चळत नीट लावत होता.

बऱ्याच वेळाने हालस्टाइनने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.

"उद्या बोलू आपण," कोलब्यॉर्न त्याला म्हणाला आणि बंदुकीकडे बघितलेही नाही. हालस्टाइनने मान हलवली. ते त्याला ऐकू आले होते.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "ठेवला का तिनं?"

"नाही. मी ठेवला. ती रडत होती."

"तुला कसं कळलं?"

"ते येतं ऐकू," तो म्हणाला. "लहानपणापासून रडताना तिचा आवाज खाली उतरतो, पुरुषासारखा जाड होतो. तेवढं मला येतं."